कॉइल नवी, पॉईंट नवे, प्लग नवा, तरी जुनी बुलेट चालू का होत नाही?

गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेली जुनी बुलेट, येझदी नाहीतर राजदूत. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या आजूबाजूला फिरलात तर अशी एखादी गाडी आजही दिसते. आजोबांनी किंवा वडिलांनी हौसेने घेतलेली, नंतर हंड्रेड सीसीच्या गाड्या आल्या आणि ही मागे पडली. आता इन्स्टाग्रामवर कुणाची तरी चकचकीत केलेली जुनी बुलेट दिसते आणि घरातला पोरगा ठरवतो, आपली पण काढायची.

टाकी धुतली जाते, कार्बोरेटर साफ होतो, टायर-ट्यूब बदलतात. मग किक मारायची वेळ येते आणि शेजारी उभा असलेला मिस्तरी म्हणतो, ‘भाऊ, करंटच येत नही.’

मग सुरू होते खरेदी. आधी प्लग बदलला, मग कॉइल, मग पॉईंट-कंडेन्सर. पिंपळनेरला मिळालं नाही म्हणून साक्री, तिथे नाही म्हणून धुळे. एक वस्तू धुळ्याहून, दुसरी नाशिकहून, तिसरी ऑनलाइन. सगळं नवं कोरं बसवलं, गाडी दोन दिवस चालली आणि तिसऱ्या दिवशी कोंडाईबारीच्या घाटात बंद पडली. शेवटी वैतागून कुणीतरी म्हणतं, द्या भंगारात.

गंमत म्हणजे अशा वेळी बऱ्याचदा एकही वस्तू खराब नसते. वस्तू चांगल्या असतात, पण त्या एकमेकांसाठी बनलेल्या नसतात. जुन्या गाडीचं इग्निशन हा एक सेट असतो आणि सेटमधला एक पत्ता चुकला की सगळा डाव बिघडतो. हा सेट नेमका असतो काय आणि तो जुळवायचा कसा, तेच आज सोप्या भाषेत बघू.

आधी हे समजून घ्या, ठिणगी पडते कशी

बॅटरी ६ किंवा १२ व्होल्टची. पण इंजिनात दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात. साधारण दहा ते वीस हजार. हे काम कॉइल करते.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेचे दोन गुंडाळे असतात. एक जाड तारेचा, थोड्या वेढ्यांचा. दुसरा बारीक तारेचा, हजारो वेढ्यांचा. चावी चालू केली आणि पॉईंट मिटलेले असले की जाड तारेतून करंट वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व भरतं. इंजिन फिरतं, कॅम पॉईंटला उघडतो, करंट झटक्यात तुटतो. चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उभे राहतात. ते जाड काळ्या वायरमधून प्लगला जातात आणि ठिणगी पडते.

पॉईंट म्हणजे थोडक्यात इंजिनाने चालवलेलं बटण. आणि कंडेन्सर? पॉईंट उघडताना तुटणारा करंट तिथेच उडी मारायला बघतो. कंडेन्सर तो धक्का स्वतःत घेतो. त्यामुळे पॉईंट जळत नाहीत आणि करंट झटकन तुटतो. करंट जितका झटकन तुटेल तितकी ठिणगी जोरदार.

ही पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीसाठी तयार केली. तीच पुढे जगभरच्या मोटारींत आणि मोटरसायकलींत आली. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली, १९६१ मध्ये म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. आपल्याकडच्या जुन्या बुलेट आणि जावा-येझदी याच पॉईंट-कॉइलच्या घराण्यातल्या.

गाडी कोणत्या घराण्यातली?

सेट जुळवण्याआधी आपल्या गाडीचं घराणं ओळखा. ढोबळमानाने तीन घराणी आहेत.

पहिलं, बॅटरी-कॉइल-पॉईंट. करंट बॅटरीतून येतो. बॅटरी मेली की ठिणगीही मेली. बहुतेक जुन्या बुलेट, जुन्या जावा-येझदी आणि राजदूतच्या नावाने विकली गेलेली यामाहा आरडी ३५० याच घराण्यातल्या. आरडीला दोन सिलिंडर, म्हणून पॉईंट, कंडेन्सर आणि कॉइल सगळंच दोन-दोन.

दुसरं, फ्लायव्हील मॅग्नेटो. इथे बॅटरीची गरज नाही. फिरणाऱ्या चाकातले चुंबक स्वतःच करंट तयार करतात. लुना आणि जुन्या बजाज स्कूटर अशा चालायच्या. बॅटरी नसतानाही किक मारली की चालू.

तिसरं, इलेक्ट्रॉनिक म्हणजे सीडीआय वगैरे. इथे पॉईंटच नसतात. एक डबी आधी कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट साठवते आणि योग्य क्षणी ते एकदम कॉइलमध्ये ओतते. कावासाकीने १९६९ मध्ये पाचशे सीसीच्या गाडीवर ही पद्धत आणली. आपल्याकडे १९८० च्या दशकात जपानी भागीदारीतल्या गाड्या आल्यावर हळूहळू पॉईंटची जागा इलेक्ट्रॉनिक्सने घेतली.

तिन्ही घराण्यांत ‘कॉइल’ नावाची वस्तू असते. दुकानात ती दिसायलाही सारखीच. पण आतून ती पूर्ण वेगळी असते आणि घोळ इथूनच सुरू होतो.

घराणं ओळखायची साधी युक्ती: चावी चालू करा आणि कॉइलच्या बारीक वायरच्या टोकांना टेस्ट लॅम्प लावून बघा. इंजिन बंद असतानाही कुठल्या तरी टोकाला दिवा लागला तर कॉइलला बॅटरीचा करंट येतोय. मग इंजिनाचं साइड कव्हर उघडा. पॉईंट दिसले तर गाडी पहिल्या घराण्यातली. दिवा लागला नाही तर वायर कुठून येते ते शोधा. ती सरळ मॅग्नेटोतून येत असेल तर दुसरं, डबीतून येत असेल तर तिसरं.

जोडी पहिली: बॅटरी आणि कॉइल

जुन्या बुलेट ६ व्होल्टच्या होत्या, नंतरच्या १२ व्होल्टच्या. शिवाय मधल्या काळात कुणीतरी ६ ची १२ करून ठेवलेली असू शकते. त्यामुळे आरसी बुकातलं वर्ष बघून अंदाज बांधू नका, गाडीवर प्रत्यक्ष काय आहे ते बघा.

आता थोडं गणित, अगदी शाळेतलं. करंट म्हणजे व्होल्ट भागिले ओहम. पॉईंटवाल्या ६ व्होल्टच्या कॉइलच्या जाड तारेचा रोध साधारण एक ते पावणेदोन ओहम असतो. १२ व्होल्टवाल्या कॉइलचा तीन ते साडेचार ओहम.

६ व्होल्टची दीड ओहमची कॉइल ६ व्होल्टवर लावली तर ४ अँपिअर करंट. १२ व्होल्टची चार ओहमची कॉइल १२ व्होल्टवर लावली तर ३ अँपिअर. दोन्ही ठीक, पॉईंटला झेपणारं.

आता अदलाबदल करा. ६ व्होल्टची कॉइल १२ च्या बॅटरीवर लावली की करंट होतो ८ अँपिअर. करंट दुप्पट म्हणजे कॉइलमधली उष्णता चौपट. सुरुवातीला गाडी मस्त पळते, ठिणगीही जोरदार दिसते. मग कॉइल तापते, पॉईंट काळे पडतात आणि गाडी बंद. थंड झाली की पुन्हा चालू. ‘गरम झाली की बंद पडते’ या तक्रारीमागचं हे एक नेहमीचं कारण.

उलटं केलं, म्हणजे १२ ची कॉइल ६ वर लावली, तर करंट दीड अँपिअरच. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर ठरते. करंट निम्मा म्हणजे ऊर्जा चौथाई. ठिणगी दिसते, पण अशक्त. प्लग बाहेर काढून बघितला तर करंट ‘येतो’, पण इंजिनाच्या दाबात तीच ठिणगी विझते. मिस्तरी म्हणतो करंट आहे, गाडी म्हणते नाही. दोघंही खरं बोलत असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सीडीआयची कॉइल पॉईंटवर लावणं. सीडीआयच्या कॉइलचा रोध बऱ्याचदा एक ओहमपेक्षाही कमी. अर्धा ओहम धरला तर १२ व्होल्टवर पॉईंट मिटल्या-मिटल्या करंट २४ अँपिअरकडे झेपावतो. पॉईंट, वायरिंग आणि चावीचा स्विच तिघांचाही बळी जाऊ शकतो.

म्हणून नवी कॉइल लावण्याआधी साध्या मल्टिमीटरने दोन बारीक टोकांमधला ओहम मोजा. वायरिंग सोडून, कॉइल सुटी करून मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय आकडा येतो ते बघा आणि तेवढा वजा करा. एवढ्या लहान मोजमापात तो फरक मोठा असतो.

आणखी एक. इंजिन बंद आणि चावी चालू, असं गाडी सोडून चहाला जाऊ नका. पॉईंट मिटलेले राहिले तर योग्य जोडीची कॉइलसुद्धा तापून जळू शकते.

जोडी दुसरी: पॉईंट आणि कंडेन्सर

पॉईंटचा गॅप हा नुसता आकडा नाही, तो कॉइलला भरायला किती वेळ मिळणार ते ठरवतो. गॅप जास्त ठेवला तर पॉईंट लवकर उघडतात, कमी वेळ मिटलेले राहतात आणि जास्त स्पीडला कॉइल पूर्ण भरत नाही. गॅप कमी ठेवला तर करंट नीट तुटत नाही आणि पॉईंट जळतात. जुन्या बुलेटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. फिलर गेजने मोजा. ब्लेडचा तुकडा किंवा नखाचा अंदाज इथे चालत नाही.

कंडेन्सर बहुतेक गाड्यांना ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा लागतो. तो जोडीचा नसेल तर पॉईंटच सांगतात. काही दिवस चालवून पॉईंट उघडून बघा. एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला टेकडी तयार झाली असेल, तर कंडेन्सर खराब किंवा चुकीच्या मापाचा असण्याची शक्यता मोठी. पॉईंटवर सतत निळी-पांढरी ठिणगी नाचत असेल तर कंडेन्सर गेला किंवा त्याचं अर्थिंग सुटलं. कंडेन्सरची बॉडी हेच त्याचं अर्थिंग असतं. रंग दिलेल्या जागी स्क्रू मारला की नवा कंडेन्सरही कामाचा राहत नाही. रिस्टोरेशनमध्ये ही चूक फार होते, कारण सगळंच चकाचक रंगवलेलं असतं.

नवे पॉईंट पाकिटातून काढले की आधी त्यांचं तोंड पेट्रोलने किंवा स्वच्छ कापडाने पुसा. गंज लागू नये म्हणून लावलेला तेलाचा थर करंट अडवतो.

जोडी तिसरी: प्लग, कॅप आणि वायर

प्लगच्या बाबतीत तीन गोष्टी जुळायला हव्यात.

एक, आट्यांची लांबी. १४ मिमी जाडीचे प्लग १२.७ मिमी लांबीचेही मिळतात आणि १९ मिमीचेही. छोट्या हेडमध्ये लांब प्लग घातला तर तो आत डोकावतो आणि पिस्टनला धडकू शकतो. मोठ्या हेडमध्ये छोटा प्लग घातला तर ठिणगी खोबणीत लपते आणि उरलेल्या आट्यांत कार्बन बसतो. जुना प्लग शेजारी धरून बघा. जुनाच चुकीचा असेल अशी शंका आली तर हेडमधल्या आट्या मोजा.

दोन, प्लगची उष्णता-श्रेणी. इथे आकडे फसवतात. एनजीकेचा आकडा जितका मोठा तितका प्लग ‘थंड’. बॉशच्या नव्या पद्धतीत उलटं, आकडा मोठा तर प्लग ‘गरम’. आणि बॉशच्या जुन्या तीन आकडी पद्धतीत, म्हणजे १७५, २२५ वगैरे, पुन्हा मोठा आकडा म्हणजे थंड. त्यामुळे ‘जवळचा नंबर द्या’ म्हणू नका, कंपनीचा बदली-तक्ता बघा. थंड प्लग काळा होऊन मिसिंग मारतो. फार गरम प्लग वेळेआधी पेट घडवतो आणि त्यात पिस्टनला भोकही पडू शकतं.

तीन, रेझिस्टर. प्लगच्या नावात आर असला की त्यात साधारण ५ हजार ओहमचा रोध असतो. बऱ्याच प्लग कॅपमध्येही तेवढाच. दोन्ही एकत्र आले की दहा हजार. ६ व्होल्टच्या आधीच नाजूक ठिणगीवर हा बोजा कशाला? पॉईंटवाल्या गाडीला दोन्हींपैकी एकच पुरे. पण इलेक्ट्रॉनिक डबी असेल तर रेझिस्टर काढू नका. ठिणगीच्या रेडिओ लहरी डबीला गोंधळात टाकतात, त्या रेझिस्टर अडवतो.

वायर आणि कॅप तपासायचं सोपं ठिकाण म्हणजे अंधार. रात्री गाडी चालू करून वायरवर स्प्रेने थोडं पाणी मारा. हात लावू नका, फक्त बघा. निळ्या रेषा पळताना दिसल्या तर करंट तिथून गळतोय. पावसात बंद पडणाऱ्या गाडीचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

सगळं जुळलं, आता टायमिंग

ठिणगी जोरदार असून चालत नाही, ती वेळेवर पडायला हवी. जुन्या बुलेटमध्ये पिस्टन अगदी वर पोचायच्या ०.८ मिमी आधी पॉईंट उघडायला हवेत, तेही अॅडव्हान्सची वजनं पूर्ण मिटलेली असताना. स्पीड वाढला की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप आणखी आधी पडते.

पॉईंट नेमके कधी उघडतात हे बघायला जुने मिस्तरी सिगारेटच्या पाकिटाचा पातळ कागद पॉईंटमध्ये धरतात. कागद अलगद सुटला तो क्षण खरा. आधी गॅप, मग टायमिंग हा क्रम पक्का लक्षात ठेवा, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं.

ठिणगी फार आधी पडली तर बुलेट किक उलटी मारते आणि पाय सुजवते. फार उशिरा पडली तर इंजिन तापतं, सायलेन्सर लाल होतो, पिकअप जातो. अॅडव्हान्सच्या स्प्रिंग ढिल्या झाल्या असतील तर टायमिंग कितीही लावा, ते टिकत नाही.

बुलेटवाल्यांसाठी फुकटची टेस्ट

जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या वरच्या भागात अॅमीटर असतो. बरेच जण त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून बघतात. प्रत्यक्षात तो घरातला डॉक्टर आहे. लाइट बंद ठेवा, चावी चालू करा, डिकंप्रेसर दाबून किक हळूहळू फिरवा.

काटा मायनसकडे जातो आणि पुन्हा मध्ये येतो, तर बॅटरी, चावी, कॉइलची जाड तार आणि पॉईंट हा रस्ता ठीक आहे. दोष प्लग, कॅप, वायर किंवा कंडेन्सरमध्ये शोधा.

काटा हलतच नाही, तर करंट पोचतच नाही. फ्यूज, चावी, तुटलेली वायर किंवा मळलेले पॉईंट.

काटा मायनसलाच चिकटून राहतो, तर पॉईंट उघडत नाहीत किंवा पॉईंटची वायर किंवा कंडेन्सर बॉडीला शॉर्ट झालाय.

खिशातला एक रुपया न घालवता निम्मा शोध इथेच संपतो.

इलेक्ट्रॉनिक किट लावावं का?

लावायला हरकत नाही. पॉईंट घासायची कटकट जाते. पण अर्धवट लावू नका. किटसोबत जी कॉइल सांगितली असेल तीच घ्या, नाहीतर किमान किती ओहमची कॉइल चालते ते कागदावर वाचा. काही जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. अशा गाडीवर मायनस-अर्थिंगचं किट लावलं तर ते पहिल्याच क्षणी जळतं. बॅटरी आणि चार्जिंगची तब्येत आधी बघा, कारण व्होल्ट पडले की पॉईंट कसेबसे चालतात, डबी चालत नाही.

आणि काढलेले जुने भाग फेकू नका. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांपेक्षा जास्त झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, पुनर्नोंदणीची ५ हजार. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, ही त्यातली महत्त्वाची अट. तुमची गाडी त्या वयाच्या जवळ असेल तर मूळ पॉईंट-प्लेट, मूळ कॉइल एका डब्यात नाव लिहून ठेवा.

दुकानात जाण्याआधी

पिंपळनेरहून साक्रीमार्गे धुळे गाठायचं म्हणजे सगळा दिवस जातो. चुकीची वस्तू आणली की दुसराही दिवस गेला. म्हणून निघण्याआधी एवढं लिहून घ्या:

- बॅटरी ६ व्होल्ट की १२, आणि बॉडीला मायनस आहे की प्लस
- पॉईंट आहेत, मॅग्नेटो आहे की डबी
- जुन्या कॉइलचा मोजलेला ओहम
- जुन्या प्लगचा पूर्ण नंबर आणि आट्यांची लांबी
- कॅपमध्ये रेझिस्टर आहे की नाही
- पॉईंट-प्लेटचा मोबाइलवर काढलेला स्पष्ट फोटो

दुकानात ‘बुलेटची कॉइल द्या’ म्हणू नका. ‘१२ व्होल्टची, पॉईंटवर चालणारी, चार ओहमच्या आसपासची कॉइल द्या’ म्हणा. शक्य असेल तर तिथेच मीटर लावून मोजून घ्या. एका वेळी एकच भाग बदला आणि बदलल्यावर गाडी चालवून बघा. चार भाग एकदम बदलले की गाडी कशामुळे सुधारली आणि कशामुळे बिघडली, दोन्ही कळत नाही.

ठिणगी तपासताना प्लगची बॉडी इंजिनाला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब धरा. इलेक्ट्रॉनिक गाडीत कॅप मोकळी ठेवून किक मारू नका, डबी जाऊ शकते.

गोठ्यातली ती गाडी भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा तिच्या कॉइलचा ओहम मोजून बघा. बऱ्याचदा तिच्यात आजार काहीच नसतो, फक्त तिला दुसऱ्याच गाडीचं औषध दिलेलं असतं.